टीव्हीवर झकास, अल्बममध्ये काळपट: मोठा टीव्ही मॉनिटर म्हणून वापरताना फोटोचे रंग कसे जुळवायचे?

लग्नाचा अल्बम घरी आला की पहिली दहा पानं कौतुकात जातात. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "टीव्हीवर तर एकदम भारी दिसत होतं की, इथं एवढं काळं कसं झालं?" फोटोग्राफर म्हणतो लॅबनं बिघडवलं. लॅबवाला म्हणतो फाइलच तशी आली होती. आणि ज्यांच्या घरचं लग्न, ते पैसे देऊन बसलेले असतात. खरं सांगायचं तर बऱ्याचदा कॅमेराही ठीक असतो आणि लॅबही. मधे भिंतीवर जो ४३ इंची टीव्ही लटकलेला असतो, त्याचं सेटिंग मात्र कुणी बघितलेलंच नसतं.

मी मूळचा नांदेडचा, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. लातूरला माझ्या मावसभावाचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. आपल्याकडच्या अनेक स्टुडिओंसारखा तिथेही संगणक थेट टीव्हीला जोडलेला आहे. कारण साधं आहे. फोटो निवडायला एकटा नवरदेव येत नाही. आई, मामा, काकू, दोन बहिणी अशी सात-आठ माणसं येतात, आणि २२ इंची मॉनिटरसमोर एवढी माणसं मावत नाहीत. शिवाय त्याच पैशात फोटो-एडिटिंगचा चांगला मॉनिटर बराच लहान मिळतो. मग निवडही टीव्हीवर, एडिटिंगही टीव्हीवर, आणि तिथूनच फाइल लॅबला रवाना.

आता स्टुडिओ नसला तरी हा प्रश्न तुमचाही आहे. घरातला टीव्ही लॅपटॉपला जोडून तुम्ही ट्रिपचे फोटो निवडता. आजोबा गेल्यावर भिंतीवर लावायचा मोठा फोटो मोबाइलमधूनच काढला जातो. असा फोटो एकदाच छापला जातो आणि पुढे वर्षानुवर्षं घरात राहतो. त्यात आजोबांचा चेहरा ओळखीचा दिसला पाहिजे. म्हणून टीव्ही नेमकं काय करतो ते आधी समजून घेऊ.

टीव्ही उजेड फेकतो, कागद फेकत नाही

टीव्हीच्या मागे दिवे असतात. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. खोलीतला जेवढा उजेड त्याच्यावर पडतो, त्यातलाच काही तो परत पाठवतो. त्यामुळे छापलेला पांढरा रंग खोलीतल्या पांढऱ्या कागदापेक्षा जास्त उजळ होऊच शकत नाही.

स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. छपाईसाठी एडिटिंग करणारे लोक मॉनिटर साधारण ८० ते १२० निट्सवर ठेवतात. साधा एलईडी टीव्ही पूर्ण बॅकलाइटवर २५०-३०० निट्सच्या आसपास जातो, महागडे टीव्ही त्याहून कितीतरी पुढे. म्हणजे स्क्रीन हव्या त्यापेक्षा दुप्पट-तिप्पट उजळ. अशा स्क्रीनवर अंधारा फोटोही छान उजळ दिसतो, एडिटिंग करणारा तो आहे तसाच ठेवतो, आणि प्रिंट काळपट येते. "काळं कसं झालं" या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर हेच आहे.

नांदेडमध्ये सचखंड श्री हुजूर साहिबच्या सोनेरी घुमटाचा संध्याकाळी बाहेरून काढलेला फोटो घ्या. टीव्हीवर सोनं अक्षरशः चमकतं. कागदावर तेच मोहरीच्या रंगाचं दिसतं. चमक ही उजेडाची गोष्ट आहे आणि शाईकडे उजेड नाही. त्यामुळे काही प्रमाणात हा फरक राहणारच. आपलं काम एवढंच, की छापण्याआधीच स्क्रीनवर त्याचा अंदाज यावा.

टीव्हीला दुकानात उठून दिसायचं असतं

शोरूममध्ये वीस टीव्ही ओळीनं लावलेले असतात, वर झगझगीत ट्यूबलाइट. तिथे जो जास्त भडक तो आधी विकला जातो. म्हणून टीव्हीत 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' नावाचा पिक्चर मोड असतो आणि 'स्टँडर्ड' मोडही बऱ्याचदा त्याचाच सौम्य भाऊ असतो. हा मोड चार गोष्टी करतो.

पहिली, पांढऱ्या रंगात निळी झाक टाकतो, कारण निळसर पांढरं डोळ्याला जास्त स्वच्छ वाटतं. आपण कपड्याला नीळ देतो त्यामागेही हीच गंमत आहे. पण निळ्या झाकेच्या स्क्रीनवर एडिटिंग करणारा नकळत फोटोत पिवळा वाढवत जातो. हळदीच्या कार्यक्रमाच्या फोटोंवर हे केलंत, तर प्रिंटमध्ये सगळ्या वऱ्हाडाला कावीळ झाल्यासारखी दिसते.

दुसरी, रंग ताणतो. लाल जास्त लाल, हिरवा जास्त हिरवा. मग अल्बममधला शालू फिका वाटतो.

तिसरी, कडा कोरतो. शार्पनेस वाढवल्यामुळे किंचित हललेला फोटोही टीव्हीवर स्पष्ट वाटतो. छापल्यावर कळतं की नवरीचे डोळे फोकसमध्येच नव्हते.

चौथी, प्रत्येक फोटोनुसार कॉन्ट्रास्ट आपोआप बदलतो. त्यामुळे दोन फोटो शेजारी ठेवून केलेली तुलना खरी राहत नाही.

आता चांगली बातमी. फोटो आणि टीव्ही यांचं मूळ माप सारखंच आहे. एचडी टीव्हीच्या रंगांचं मानक रेक. ७०९ हे १९९० मधलं. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं संगणकासाठी एसआरजीबी मांडलं, तेव्हा लाल, हिरवा, निळा हे मूळ रंग आणि पांढऱ्याची व्याख्या रेक. ७०९ चीच घेतली. मोबाइलचे बहुतेक फोटो आणि लॅबला जाणाऱ्या जेपीईजी फाइल्स एसआरजीबीमध्येच असतात. म्हणजे टीव्ही प्रामाणिक मोडवर आणला, तर तो फोटोचे रंग बऱ्यापैकी खरे दाखवू शकतो.

आकार मोठा, पण पिक्सेल किती?

टीव्ही मोठा म्हणजे जास्त बारकावे, असं वाटतं. हिशोब करून बघू. एका इंचात किती पिक्सेल बसतात ते असं:

- २४ इंची फुल एचडी मॉनिटर: सुमारे ९२
- ३२ इंची एचडी रेडी टीव्ही: सुमारे ४९
- ३२ इंची फुल एचडी टीव्ही: सुमारे ६९
- ४३ इंची ४के टीव्ही: सुमारे १०२
- ५५ इंची ४के टीव्ही: सुमारे ८०

चांगल्या फोटो प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात. लग्नाच्या अल्बमचं उघडलेलं पान १२ बाय ३६ इंचाचं असेल, तर फाइल ३६०० बाय १०,८०० पिक्सेलची, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. ४के टीव्हीत एकूण असतात सुमारे ८३ लाख. फुल एचडीत तर फक्त २१ लाखांच्या आसपास. त्यामुळे पूर्ण पान टीव्हीवर बघताना बहुतेक बारकावे दिसतच नाहीत. लातूरच्या गंजगोलाईचा गच्चीवरून काढलेला फोटो पूर्ण स्क्रीनवर छान वाटेल. दुकानांच्या पाट्या वाचता येतात का, हे १०० टक्के झूम केल्यावरच कळेल. चेहऱ्याचा फोकस तपासताना हाच नियम: आधी १०० टक्के, मग निर्णय.

इथेच व्हॉट्सअॅपचा मुद्दा येतो. साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो तिथे लहान होतो; लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची राहते. तो १२ बाय १८ इंचावर छापला तर इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल मिळतात. आजोबांचा फोटो मोठा करायचा असेल, तर ज्याच्या मोबाइलमध्ये तो काढला त्याच्याकडून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा किंवा पेनड्राइव्हमध्ये घ्या. नंतर कितीही एडिटिंग केलं तरी गेलेले बारकावे खरेखुरे परत येत नाहीत.

जोडणी: कास्ट नको, केबल लावा

मोबाइलवरून टीव्हीवर फोटो कास्ट करणं सोपं आहे आणि घरच्यांना दाखवायला ठीकही आहे. पण स्क्रीन मिररिंगमध्ये चित्र व्हिडिओसारखं दाबून पाठवलं जातं, त्यात बारीक रंग हरवतात. पेनड्राइव्ह टीव्हीला लावलात, तर फोटो टीव्हीच्या स्वतःच्या अॅपमध्ये उघडतो आणि तो कोणत्या रंगमापात दाखवतोय यावर तुमचा ताबा राहत नाही. रंग ठरवायचा असेल तर लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल हाच रस्ता.

केबल लावल्यावर चार गोष्टी तपासा.

१. रिझोल्यूशन: ४के टीव्ही असेल तर विंडोजमध्ये ३८४० बाय २१६० निवडा. जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ असेल तर ४के फक्त ३० हर्ट्झवर मिळेल. माउस थोडा अडखळेल, फोटोला काही फरक पडत नाही.

२. कडा कापल्या जातात का: टास्कबार अर्धा बाहेर गेला असेल तर टीव्ही चित्र ताणतोय. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. एलजीमध्ये 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन', सोनीमध्ये 'फुल पिक्सेल' अशा नावांनी हे बंद होतं. हे केलं नाही तर प्रत्येक फोटो किंचित मऊ दिसेल.

३. टीव्हीला सांगा की समोर संगणक आहे: बऱ्याच टीव्हींमध्ये त्या एचडीएमआय इनपुटचं नाव किंवा आयकॉन 'पीसी' करता येतो. जागा वाचवण्यासाठी व्हिडिओमध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची, पण रंगाची माहिती चार पिक्सेलमध्ये मिळून एक ठेवलेली असते. सिनेमात ते कळत नाही. पण शालूच्या जरीची कड आणि बारीक लाल अक्षरं पुसट होतात. 'पीसी' केलं की बहुतेक टीव्ही पूर्ण रंग दाखवतात. काळ्या पानावर बारीक लाल अक्षरं लिहून बघा, लगेच समजेल.

४. काळ्याची पातळी: संगणकात काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. व्हिडिओत काळा १६ आणि पांढरा २३५ धरतात. लॅपटॉप एक भाषा बोलत असेल आणि टीव्ही दुसरी ऐकत असेल, तर घोळ होतो. एका प्रकारात सगळं धुरकट दिसतं. मग एडिटर कॉन्ट्रास्ट वाढवतो आणि प्रिंटमध्ये केस, सूट सगळं एक काळा ठिपका होतं. दुसऱ्या प्रकारात सावल्या आधीच बुजलेल्या दिसतात. मग एडिटर त्या उजळतो आणि प्रिंट राखाडी येते. लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये 'फुल' आणि टीव्हीतही 'फुल' किंवा 'हाय' असं दोन्हीकडे सारखं ठेवा.

टीव्हीचं सेटिंग, क्रमानं

१. पिक्चर मोड 'मूव्ही', 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. फिल्ममेकर मोड २०१९ मध्ये यूएचडी अलायन्सनं जाहीर केला. दिग्दर्शकानं जे रंग ठरवले तेच घरी दिसावेत, हा त्याचा हेतू. आपल्यालाही तेच हवंय. पहिली पाच मिनिटं स्क्रीन पिवळट वाटेल. मोड लगेच बदलू नका, डोळ्याला सवय होऊ द्या.

२. कलर टेम्परेचर 'वॉर्म' करा. दोन-तीन वॉर्म पर्याय असतील, तर ६५०० केल्विनच्या जवळचा कोणता हे पुढच्या प्रिंटच्या तपासणीत कळेल.

३. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, लोकल डिमिंग, नॉइज रिडक्शन, इको मोड, खोलीच्या उजेडानुसार आपोआप बदलणारा ब्राइटनेस, सगळं बंद.

४. शार्पनेस शून्यावर किंवा कंपनीनं ठेवलेल्या मधल्या बिंदूवर. अक्षरांभोवती पांढरी कड दिसणं थांबलं की बरोबर.

५. बॅकलाइट कमी करा. इथे नावांचा गोंधळ आहे. काही टीव्हींत 'ब्राइटनेस' म्हणजे बॅकलाइट, काहींत काळ्याची पातळी. जे फिरवल्यावर पांढरा रंग मंद होतो, तो बॅकलाइट. किती कमी करायचा? स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि शेजारी, खोलीतल्या उजेडात, कोरा फोटो पेपर धरा. दोन्ही पांढरे सारखे उजळ दिसेपर्यंत बॅकलाइट खाली आणा.

६. लॅपटॉपचा 'नाइट लाइट' बंद करा. रात्री तो आपोआप सुरू होतो आणि मग तुम्ही नारिंगी स्क्रीनवर रंग ठरवत बसता.

खोलीही तपासा. मराठवाड्याच्या उन्हात दुपारी दोनला खिडकी उघडी आणि रात्री आठला एकच पिवळा बल्ब, अशा दोन वेळी एकच फोटो वेगळा दिसतो. खिडकीला पडदा लावा आणि रोज त्याच पांढऱ्या दिव्यात काम करा. प्रिंट बघण्यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ३६६४, सुमारे ५००० केल्विनचा उजेड सांगतं. घरी तेवढं नेमकं जमणार नाही, पण पिवळ्या बल्बखाली प्रिंट तपासू नका. गडद गुलाबी किंवा पोपटी भिंत असेल, तर तिचा रंगही कागदावर पडतो.

बसायची जागाही महत्त्वाची. अनेक एलईडी टीव्हींत बाजूनं बघितलं की रंग फिके पडतात. सोफ्याच्या टोकाला बसलेल्या काकूंना आणि मधे बसलेल्या नवरीला एकच फोटो वेगळा दिसत असतो. रंगाबद्दल वाद झाला, तर ज्याचं म्हणणं आहे त्याला समोर बसवा.

खरा निकाल प्रिंटचा

एवढं केल्यावर टीव्ही बराच सुधारतो. पण शेवटची जुळणी तुमच्या लॅबच्या कागदाशीच करावी लागते. मावसभावाच्या स्टुडिओत आम्ही हे असं केलं. एका ४ बाय ६ इंचाच्या फाइलमध्ये, म्हणजे १२०० बाय १८०० पिक्सेलमध्ये, सहा तुकडे बसवले: सावलीतला एक चेहरा, पांढरं धोतर, काळा सूट, मरून शालू, हिरवा चुडा आणि एक राखाडी पट्टी. लॅबला स्पष्ट सांगितलं की कोणतंही करेक्शन न करता छापा. हे सांगणं गरजेचं आहे, कारण लॅबचं मशीन किंवा ऑपरेटर बऱ्याचदा आपल्या अंदाजानं फोटो उजळ-गडद करतो, आणि मग तपासणीला अर्थ राहत नाही.

प्रिंट आल्यावर ती टीव्हीशेजारी धरायची आणि तीच फाइल स्क्रीनवर उघडायची. आता फाइलला हात लावायचा नाही. टीव्हीचं सेटिंग बदलायचं, जोपर्यंत स्क्रीन प्रिंटसारखी दिसत नाही तोपर्यंत. राखाडी पट्टी टीव्हीवर निळी वाटली तर आणखी वॉर्म, सुटाच्या घड्या प्रिंटपेक्षा जास्त दिसल्या तर बॅकलाइट कमी. जुळल्यावर सगळ्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. भाऊ घरी क्रिकेट बघायला मोड बदलेलच, तेव्हा परत लावता येईल.

रोजचं काम असेल, तर स्क्रीनला चिकटवून रंग मोजणारं कॅलिब्रेटर घेणं परवडतं. डेटाकलरचं स्पायडर आणि कॅलिब्राइटची यंत्रं त्यासाठीच असतात. डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअर त्यांच्यासोबत चालतं. लॅबकडे त्यांच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल असेल तर मागून घ्या. फोटोशॉपमध्ये किंवा मोफत असलेल्या गिम्पमध्ये 'सॉफ्ट प्रूफ' सुरू केलं, की कागदावर कोणते रंग बसणार नाहीत ते आधीच दिसतं.

आयफोनवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. आयफोन ७ पासूनचे फोटो डिस्प्ले पी३ या मोठ्या रंगमापात असतात. लॅबच्या यंत्रानं ते ओळखलं नाही तर रंग मेल्यासारखे येतात. पाठवण्याआधी फाइल एसआरजीबीमध्ये बदला. कॅमेऱ्यात अडोबी आरजीबी निवडलेलं असेल, तर त्यालाही हेच लागू.

चेहऱ्याचा रंग

आपल्याकडे एडिटिंग म्हणजे चेहरा गोरा करणं, असं जवळजवळ ठरून गेलंय. भडक, निळसर टीव्हीवर सावळा रंग बिघडलेलाच दिसतो, मग एडिटर तो उजळत जातो. प्रिंटमध्ये नवरीचा चेहरा पिठासारखा आणि मेंदीचे हात वेगळ्याच माणसाचे. टीव्ही नीट लावल्यानंतर मावसभावाला पहिल्यांदा जाणवलं की निम्म्या फोटोंत चेहऱ्याला हात लावायची गरजच नाही. सावळा रंग सावळाच आणि छान दिसतो. एक सोपी खूण ठेवा: चेहरा, मान आणि हात यांचा रंग एकाच माणसाचा वाटला पाहिजे.

थोडक्यात काय करायचं?

फोटो निवडायला, कोणाचे डोळे मिटलेत ते बघायला, पानाची मांडणी घरच्यांना दाखवायला मोठा टीव्ही उत्तम. रंग आणि उजेड ठरवायला तो चालेल, पण मूव्ही मोड, कमी बॅकलाइट आणि एका तपासणी प्रिंटनंतरच. आणि २० बाय ३० इंचाची फ्रेम किंवा पूर्ण अल्बम छापायला टाकण्याआधी त्यातला सगळ्यात अवघड फोटो ४ बाय ६ मध्ये छापून घ्या. दोन चहाच्या आसपास पैसे जातील. ती छोटी प्रिंट घरच्यांच्या हातात द्या, दिवसाच्या उजेडात बघू द्या, आणि "हो, हेच आमचे आजोबा" असं त्यांनी म्हटलं की मगच मोठी ऑर्डर द्या.